शेवटाआधी बाहेर

"होडीवाल्याच्या सिनेमात मुलगा परत येतो," दादा म्हणाला. "मोटारीतून उतरतो, धावत येतो, म्हाताऱ्याला मिठी मारतो. म्हातारा म्हणतो, घर तुझंच आहे, ये. खलास. असा एक शेवट मला तुमच्या पन्नासच्या दशकातला काढून दाखवा, मी जन्मभर तुमचं ऐकेन."

"कुठला मुलगा?" विमावाले म्हणाले. "तो मुलगा इंटरव्हलनंतर पडद्यावर येतच नाही."

"तुम्ही झोपला असाल."

"तिकीट काढून झोपायची चैन आमच्या घरात नव्हती. फुकट बसणाऱ्यांना परवडत असेल."

दादाचा कप ओठांपाशीच थांबला. मोबाइलमध्ये डोकं घातलेल्या त्याच्या मुलाने मान वर केली. आत वहिनी भांडी लावत होत्या, त्यांचाही हात थांबला असावा, कारण आवाज बंद झाला.

ही रविवार दुपारची बैठक कित्येक वर्षांची. समोरच्या दारचे विमावाले, उभं आयुष्य लोकांना मरणाची आठवण करून देण्यात गेलेलं, जेवण झालं की चपला फटफटवत यायचे आणि "मग, कुठपर्यंत आलो होतो आपण?" म्हणून खुर्चीत बसायचे. कुठपर्यंतच आलेले नसायचे. सर्वांत चांगले सिनेमे कोणत्या दशकात निघाले, हा एकच प्रश्न, आणि तो पाणीपुरवठ्याच्या कार्यालयातून दादा निवृत्त झाल्यापासून जास्तच चिघळला होता. विमावाल्यांचं पन्नासचं दशक. तेव्हा पडद्यावरची माणसं हळू बोलायची आणि तरी ऐकू यायचं, असं त्यांचं म्हणणं. दादाचं सत्तरचं. तेव्हाच्या नायकाच्या घामाचा वास पहिल्या रांगेपर्यंत यायचा म्हणे. दादाच्या मुलाचं नव्वदचं, पण त्याला मत नव्हतं, तो नुसती काडी टाकायचा आणि मजा बघायचा. ऐंशीच्या दशकाला मात्र तिघं मिळून शिव्या घालत. तेवढीच त्यांची एकी.

"ऐंशीत आमचं लग्न झालं, त्याचा राग असेल," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणायच्या.

दादाची धाकटी बहीण बेबी या बैठकीला कधी नसायची. रविवारी तिची ड्युटी असे. आज मात्र तिने मुद्दाम सुट्टी घेतली होती. मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या बाबांना पेज भरवून ती रिकामी वाटी घेऊन बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

"मुलगी परत येते," ती म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"मुलगा नाही रे दादा. मुलगी. ती होडीत बसते, नदीच्या मध्यावर जाते, काठावरून म्हाताऱ्याचा खोकला ऐकू येतो आणि ती होडी वळवते. अख्खं थेटर रडत होतं त्या वेळी."

"तू पाहिलंस?"

"नाही. बाबांनी सांगितलं."

"मलाही बाबांनीच सांगितलं," दादा म्हणाला.

विमावाल्यांनी एकदा भावाकडे, एकदा बहिणीकडे पाहिलं. "मी तो सिनेमा शेवटपर्यंत पाहिलाय," ते जपून म्हणाले. "मुलगी जाते. परत-बिरत काही येत नाही."

बेबीची पन्नाशी कधीच उलटून गेली होती, तरी घरात ती बेबीच. मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागात तिला सगळे 'मोठ्या बाई' म्हणत. तिथे बॉयलरवाल्यापासून इस्त्रीच्या रोलरवरच्या बायकांपर्यंत कुणाची टाप नव्हती तिच्यापुढे आवाज चढवायची. रक्त लागलेली चादर गरम पाण्यात टाकणाऱ्या नव्या मुलीला ती असं काही बघे की त्या मुलीच्या हातून ती चूक पुन्हा होत नसे. गरम पाण्याने डाग बसतो, एवढं कळायला ती एक नजर पुरे. मोठ्या डॉक्टरांनी आता दुसऱ्या गावी नवं इस्पितळ काढलं होतं. तिथली धुलाई पहिल्यापासून उभी करायची होती. यंत्रं बसवण्यापासून माणसं नेमण्यापर्यंत सगळं. "तुम्ही करा," ते म्हणाले होते, "तुमचं काय, तुम्ही एकट्या." राहायला खोली तिथेच. हो की नाही ते सोमवारी सांगायचं होतं. सोमवार म्हणजे उद्या.

घरात तिने ही गोष्ट शुक्रवारी जेवताना काढली होती. दादा म्हणाला, "बघू." वहिनी म्हणाल्या, "चांगलंच आहे की. पण मग बाबांचं?" आणि ताटं उचलली गेली. शनिवारी तो विषय कुणी काढला नाही. रविवारी सगळे सिनेमावर आले.

बाबा थेटरात डोअरकीपर होते. सुताराने कानावर पेन्सिल खोचावी तशी काखेत टॉर्च आणि गळ्याशी पितळी बिल्ला. थेटराच्या मागच्या बोळात एक खोली मिळालेली, तिथेच दादा आणि बेबी वाढले. भिंतीतून रोज तेच संवाद ऐकू येत. एखाद्या सिनेमाने ज्युबिली केली की आईचं डोकं उठायचं. "हा मेला कधी पडणार?" ती विचारायची, आणि लोकांना वाटायचं, ती शेजाऱ्याविषयी बोलतेय.

मुलांना आत सोडायची मुभा नव्हती. पण बाबांनी एक पद्धत बसवली होती. दिवे गेले, नावांच्या पाट्या संपल्या, मॅनेजर आपल्या खोलीत गेला की दाराजवळच्या पायरीवर एका मुलाला बसवायचं. एकालाच. एका आठवड्यात दादा, पुढच्या आठवड्यात बेबी. आणि सिनेमा संपायच्या आधी, मॅनेजर बाहेर येऊन उभा राहायच्या आधी, खांद्यावर टॉर्चची टकटक. उठ, चल. मग मूल बोळात जाऊन उभं राहायचं. आत शेवट चाललेला असायचा, बाहेर नळ ठिबकत असायचा. लोक पांगले, दारं लागली की बाबा यायचे, आणि पोराला खांद्याशी धरून बाजारातून लांबचा वळसा घालत शेवट सांगायचे.

एक अट असायची. आपला शेवट दुसऱ्याला सांगायचा नाही, त्याचा आठवडा नासतो. "सांगितलंस तर पायरी बंद," बाबा म्हणायचे. पायरी बंद होण्यापेक्षा जीभ तुटलेली बरी, असं वाटायचं ते वय. दोघांनीही तोंडं मिटून ठेवली. पुढे दादाला मिसरूड फुटलं, बेबी मोठी झाली, थेटर बंद पडून तिथे फर्निचरचं दुकान झालं. कोण कशाला जुने शेवट ताडून बघतंय?

होडीवाल्याचा सिनेमा बेबीला पायरीवरून दिसला होता तेवढा अजून जसाच्या तसा आठवत होता. म्हातारा होडीवाला, त्याचा शहरात गेलेला मुलगा, घरी राहिलेली मुलगी. नदीपलीकडच्या शाळेत मुलीला काम मिळतं. पहाटे ती बोचकं घेऊन काठावर येते. तेवढ्यात खांद्यावर टकटक. पुढचं बाबांचं. बेबी तेव्हा दुसरीत असेल. बाजारातल्या बंद दुकानांसमोर बाबा तिला खोकून दाखवत होते, म्हातारा कसा खोकतो ते.

बारावीनंतर तिला दुसऱ्या गावी नर्सिंगला प्रवेश मिळाला. आई त्याच वर्षी गेली होती. बाबा बसस्टँडवर पोचवायला आले. बेबी खिडकीशी बसली, पेटी वरच्या फळीवर. बाबा खाली उभे. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं तेव्हा त्यांना खोकल्याची उबळ आली, चांगली कमरेत वाकवणारी. बेबीने पेटी काढली आणि खाली उतरली. कंडक्टर ओरडला, "अहो ताई, पैसे परत मिळणार नाहीत." त्या वेळी तिच्या डोळ्यांपुढे नदी होती. हे तिने कुणाला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच ते, आणि खरं तर मनातल्या मनात तिला त्याचा थोडा अभिमानच होता. आपल्यासाठी कुणीतरी रडलं असतं, असं तिला वाटायचं. थेटरभर.

नर्स व्हायची ती इस्पितळाच्या तळघरात चादरी मोजायला लागली. पुढे लग्नाचं दोनदा निघालं, दोनदा बारगळलं. दादाचं झालं. हे घर घेतलं तेव्हा बाबांची सगळी शिल्लक त्यात गेली आणि घर दादाच्या नावावर झालं. "तूच तर इथे राहणार आहेस, नावाचं काय घेऊन बसलीस?" असं दादा म्हणाला होता, तिने काही विचारलेलं नसताना.

"मी सांगतो ना," दादा आता विमावाल्यांना म्हणत होता, "माझा बाप त्या थेटराच्या दारात उभा होता. रोज चार खेळ. तुम्ही एकदा बघून आलात आणि मला शिकवता?"

"एकदाच, पण बसून," विमावाले म्हणाले.

"पप्पा, थांबा," भाचा म्हणाला. त्याचा अंगठा मोबाइलवर भराभर फिरत होता. "आहे इथे. कुणीतरी अपलोड केलाय. प्रिंट भंगार आहे, पण पूर्ण आहे."

"लाव," दादा म्हणाला. "लाव टीव्हीवर. होऊन जाऊ दे."

बेबी वाटी हातात धरूनच उभी राहिली. भाच्याने सिनेमा पुढे ढकलला. नदी आली, पांढऱ्या ओरखड्यांनी भरलेली, पावसात भिजल्यासारखी. बोचकं घेतलेली मुलगी आली. बेबीच्या खांद्याला काहीतरी जाणवलं आणि ती उगाचच अर्धं पाऊल मागे सरकली. दारापाशी टकटक करायला कुणी नव्हतं. सिनेमा पुढे चालूच राहिला.

मुलगी होडीत बसली. म्हाताऱ्याने स्वतः होडी ढकलली. तो खोकला नाही. ती गेली. मध्यावर गेली, पलीकडे गेली, लहान झाली, तिने एकदा हात केला तोसुद्धा धड दिसला नाही. म्हातारा खाली बसला, पायातला चिखल काडीने खरवडत. मग दुसरं एक गिऱ्हाईक आलं, म्हणालं, पलीकडे जायचंय. म्हातारा म्हणाला, बसा, दुसरी होडी आणतो. 'समाप्त'ची पाटी आली. संपलं.

हात पुसत बाहेर आलेल्या वहिनी म्हणाल्या, "एवढंच? ह्यावर तुम्ही दोघं भांडत होता?"

"ही कापलेली प्रत आहे," दादा म्हणाला.

"अहो, पाटी आली," विमावाले म्हणाले. जिंकल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर धड बसत नव्हता.

"पाटी कुणीही चिकटवतं. मूळ शेवट वेगळा होता. मोटार होती त्यात. घर तुझंच आहे म्हणतो तो. मला शब्द न शब्द पाठ आहे."

"पप्पा, मुलगा मेल्याची तार येते आधीच. मी पुढे ढकलताना दिसलं."

"तू गप्प बस. नव्वदच्या दशकातला तू, तुला काय कळतंय त्यातलं?"

बेबीने वाटी मोरीत ठेवली, हात धुतले आणि मागच्या खोलीत गेली.

खोलीत औषधांचा आणि पावडरीचा वास. बाबा डाव्या कुशीवर होते, तिने वळवून ठेवलेले तसे. शरीर गेलं होतं पण डोकं शाबूत होतं, कान तर जास्तच तिखट झाले होते.

"होडीवाल्याचा लावला होता ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"संपला?"

"संपला. तुम्ही कधी पाहिला होतात शेवट?"

"मी कसला बघतोय. शेवटाला मला दारं उघडायला लागायची. पडद्याकडे पाठ. लोकांची तोंडं बघायची आणि बाजूला सरकायचं, नाहीतर तुडवून जातात."

"एकाही सिनेमाचा नाही?"

"एकाही नाही." हे त्यांनी जरा ऐटीत सांगितलं. लष्करातली माणसं जखमांविषयी बोलतात तसं.

बेबी पलंगाच्या कडेवर बसली. चादरीची एक सुरकुती तिने हाताने सारखी केली. "मग आम्हाला सांगायचात ते?"

"काहीतरी सांगायला नको? एवढा वेळ बोळात उभी केलेली पोरं. बाजारातून येताना पाय ओढायचात."

"दादाला सांगितलंत मुलगा परत येतो."

"त्याला आवडायचं तसलं."

"आणि मला सांगितलंत मुलगी परत येते. मला आवडायचं?"

बाबांनी डोळे मिटले. झोपेचं सोंग नव्हतं ते, आठवत असावेत. बाहेर दादाचा आवाज पुन्हा चढला होता.

"तुला काय आवडायचं ते तू कधी बोललीस?" ते म्हणाले. "मला आवडायचं."

राग येईल म्हणून ती वाट बघत होती. पण आला तो राग नव्हता. चुकीच्या पाण्यात टाकलेली चादर बाहेर काढल्यावर वाटतं तसं काहीतरी. आता कितीही घासा.

"बसस्टँडवर तुम्हाला खोकला आला होता," ती म्हणाली.

"होताच मला खोकला. थंडीचे दिवस होते."

"होता."

"मी उतर म्हटलं नव्हतं."

"नाही म्हटलंत."

"मग?" बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात जरब नव्हती, भीती होती, आणि ती लपवायचा कंटाळाही. "दादाने सांगितलं मला. दुसऱ्या गावाचं. तू काही बोलली नाहीस."

"काय म्हणाला दादा?"

"म्हणाला, ती काही जायची नाही. तुम्ही काळजी करू नका."

बेबीने होकारार्थी मान हलवली, जणू दादाने एखादा हिशेब बरोबर केला होता. कितीतरी वर्षं तो बरोबरच होता.

"पाणी दे," बाबा म्हणाले.

तिने त्यांची मान हाताने उचलली, पेला ओठांना लावला, हनुवटीवरून ओघळलेलं टिपलं. हे सगळं हात आपोआप करत होते. तिला वाटलं, या हातांना बहुतेक कळलेलंच नाही अजून. मग पेला खाली ठेवून, पांघरूण नीट करून ती उठली. "मी जाणार आहे, बाबा," ती म्हणाली. बाबा भिंतीकडे बघत राहिले. खोकले नाहीत. त्यांना बहुधा त्याचीही लाज वाटली असावी, नाहीतर खोकला खरंच नव्हता.

बाहेर बैठक नव्या जोमाने बसली होती. दादाने होडीवाला सोडून दिला होता. "एक सिनेमा गेला म्हणून दशक जात नाही," तो म्हणत होता. "सत्तरमध्ये असे पन्नास निघाले."

"पन्नासांपैकी किती शेवटापर्यंत पाहिलेत?" भाच्याने विचारलं, आणि स्वतःच हसला.

"मी निघतो," विमावाले म्हणाले. पण ते उठले नाहीत.

"दादा, टीव्ही बंद कर," बेबी म्हणाली.

"आवाज कमी करतो, बोल."

"बंद कर."

त्याने बंद केला. वहिनी पदराला हात पुसत दारात आल्या. त्यांचा चेहरा आधीच पडला होता. स्वतःच्या आईचं त्यांनी शेवटपर्यंत केलं होतं, गुडघे त्यातच गेले होते, आणि आता पुढची पाळी कुणाची ते त्यांना न सांगता कळलं होतं.

"उद्या मी मोठ्या डॉक्टरांना हो सांगते आहे," बेबी म्हणाली. "पुढच्या रविवारी मी जाणार. खोली तिथेच आहे, सामान फार नाही."

"अगं, पण असं एकदम?" दादा म्हणाला. "बाबांना विचारलंस का?"

"सांगितलं."

"बेबी, हे बघ, शांतपणे बसून ठरवू. एवढ्या वर्षांनी या वयात तिथे जाऊन तू काय..."

"ठरलंय. बाबांचं सकाळचं तू करायचंस, दादा. वहिनींनी नाही, त्यांचे गुडघे दुखतात. तू निवृत्त आहेस. दुपारचं भरवणं याने करायचं," तिने भाच्याकडे बोट केलं, "हा घरूनच काम करतो. दर तीन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. चादर रोज. ओली झाली तर लगेच."

"मला नाही जमायचं ते," दादा म्हणाला. खरंच घाबरला होता तो. "मी कधी केलेलं नाही."

"उद्या सकाळी सहाला उठ. आंघोळ कशी घालायची आणि कूस कशी वळवायची ते दाखवते. आठवडाभर रोज दाखवेन. रविवारी मी जाणार."